तलावात बुडवलेली गिटार

माझ्या गोष्टी खोट्या असतात, हे आमच्या गावात कालच्या बारशाच्या पोरालाही ठाऊक आहे. एका साली ऊन एवढं तापलं की तलावातले मासे अर्धे शिजूनच जाळ्यात आले आणि बायकांना नुसतं तिखट-मीठ लावायचं काम उरलं, ती गोष्ट माझी. एका मरळीचं शेपूट आंधळगावात चुलीवर शिजत होतं आणि तिचं डोकं इकडे आमच्या तलावाच्या पाळीवर अजून माणसं चावत होतं, तीही माझीच. लोक ऐकतात, हसतात, सुपारी-तंबाखूचा खर्रा पुढे करतात आणि आपापल्या घरी जातात. माझं नाव फकिरा; फकिराची थाप म्हणून सोडून देतात. कोणाचं काही बिघडत नाही.

पण एक थाप मी एका सात वर्षांच्या पोरीला मारली आणि तिच्यात मसाला थोडा जास्त पडला. ही त्या थापेची हकिगत. हिच्यात मी काही वाढवलेलं नाही. तुम्ही विश्वास ठेवणार नाहीच, ठेवू नका. मला त्याची आता सवय झाली आहे.

पोरगी म्हणजे डिंपल, माझी नात. ती दोन वर्षांची असताना तिची आई तापानं गेली. माझा मुलगा लिलाधर वर्षभर घरात मुका बसून राहिला. मग चिखल्याला मॅंगनीजचे ट्रक चालवायला गेला आणि तिथंच दुसरी बायको करून बसला. गेला तो गेला. ना फोन, ना निरोप. डिंपलला मी आणि माझी बायको सखाबाई यांनी वाढवलं, तलावातल्या झिंग्यांवर आणि शिंगाड्यांवर.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं आणि दंडारीचा नाच, रात्री नाटक. पोटासाठी बाहेर गेलेला माणूस दिवाळीला एखादवेळी येत नाही, पण मंडईला येतोच. जो मंडईलाही येत नाही त्याचं नाव लोक हळू आवाजात घेतात. डिंपल सात वर्षांची होती त्या साली ती तीन दिवस एसटीच्या थांब्यावर बसून होती. नवा फ्रॉक, डोक्याला तेल, हातात बापाला द्यायला म्हणून राखून ठेवलेली एक चकली. गाड्या आल्या, दुसऱ्यांचे बाप उतरले.

मंडईच्या दुसऱ्या दिवशी नाटकवाली मंडळी शाळेत मुक्कामाला होती. त्यांच्यातला गिटारवाला पोरगा कंपनी सोडून आपल्या गावी निघाला होता आणि जाण्याआधी त्याला मरळ खायची होती. कोणीतरी त्याला आमच्या घरी आणलं. सोबत कंपनीत बाजाची पेटी, म्हणजे हार्मोनियम वाजवणारे यादोराव आले, आंधळगावचे. सखाबाईनं रांधलं. पोरगा जेवला, थोडा थांबला आणि पुन्हा जेवला. यादोरावांनी डोकं खाल्लं, मरळीचं. निघताना पोरगा म्हणाला, "काकी, देयाले माह्यापाशी काई नाई. हे डबडं ठेवा. लेकराईले खेळाले होईन."

डबडं म्हणजे गिटार. रंग उडालेली, एका बाजूला खरवडलेली, तारा मात्र सगळ्या जागेवर.

मी ती उचलली, तडक एसटीच्या थांब्यावर गेलो आणि डिंपलच्या मांडीवर ठेवून म्हणालो, "तुह्या बापानं धाडली."

एवढ्यावर थांबायचं होतं. पण ज्याला उभ्या जन्मात मासा आहे तेवढा सांगता आला नाही, त्यानं थांबावं कसं? मी सांगितलं की मॅंगनीजच्या ट्रकवाल्याजवळ धाडली. सांगितलं की नागपूरच्या सगळ्यात मोठ्या दुकानातली, कोरी करकरीत. सांगितलं की येताना ती हिरव्या मखमलीच्या पेटीत होती आणि मखमल एवढी मऊ की ट्रकवाला तिच्यावर गाल ठेवून झोपला आणि बालाघाटला पोचला तेव्हा जागा झाला.

"मंग पेटी कोठं हाय?" डिंपल म्हणाली.

त्या प्रश्नाचं उत्तर मला पुढं दरवर्षी नव्यानं द्यावं लागलं. एका साली ती पेटी कोण्या साहेबाच्या बाईला आवडली. एका साली तिच्यात मुंगसानं पिल्लं घातली आणि पिल्लांसकट ती बांधात ओढून नेली. पोरगी ऐकून घ्यायची. हसायची नाही. मला वाटे, पोरगी विसरून जाते.

सखाबाई तेव्हाच म्हणाली होती, "अवो, लबाडीले टेकू लावता तं लावा. तिच्यावर घर नोका बांधू. उद्या पोट्टी राहाले जाईन त्याच्यात."

गेलीच राहायला. मोबाईलवर पाहून पाहून वाजवायला शिकली. थंडीच्या दिवसात गिटारीला आपल्या गोधडीत घेऊन झोपायची. शाळेत, मंडईत, लग्नाच्या हळदीत कुठं वाजवली आणि कोणी विचारलं तर मान ताठ करून सांगायची, "माह्या बाबाची हाय. चिखल्याहून धाडली त्यानं." लिलाधर वाईट आहे असं तिच्यासमोर कोणी बोललं की ती भांडायची नाही, नुसती खुंटीवरच्या गिटारीकडं बोट दाखवायची. सखाबाई तीन वर्षांखाली गेली. तेव्हापासून मरळीची खरी गोष्ट जाणणारे आसपास दोनच उरले, मी आणि आंधळगावचे यादोराव. मी कोणाला सांगणार नव्हतो आणि यादोरावांना कोणी विचारणार नव्हतं.

यंदा मे महिन्यात डिंपल अठरा वर्षांची झाली आणि गिटार तडकली.

उन्हानंच ती. पाठीला वीतभर चीर गेली, पोट फुगलं, तारा जिच्यावर टेकतात ती लाकडाची घोडी एका बाजूनं उचलली. तारा मानेपासून एवढ्या वर आल्या की दाबता दाबता पोरीच्या बोटांतून रक्त आलं. तिनं भंडाऱ्याच्या एका दुकानवाल्याला मोबाईलवर फोटो धाडले.

"तो म्हणते, दुरुस्तीत काई मतलब नाई," तिनं मला सांगितलं. "नवी घ्या म्हणते."

"शायना हाय दुकानवाला," मी म्हणालो. "नवीच घेऊ."

"कायच्यावर घेता?"

"डोंगा विकतो."

डोंगा माझ्या बापाचा. मासे धरायची ती होडी, एका झाडाच्या बुंध्यातून कोरलेली; आमच्या तलावावर आता तसा दुसरा नाही. "मागच्या साली धनीरामभाऊ मांगत होता तं त्याले शिव्या देल्ल्या तुमी," ती म्हणाली. "आता गिटारीसाठी विकून राह्यले?"

"जुनं ते जुनंच, बाई. एकदा फुटलं का फुटलं."

"सत्तरीचे झाले तुमी. गुडघे वाजते, दात पडले. मी दुसरा आजा आणला का?"

मी म्हणालो, "नवीचा आवाज गोड राहाते."

"नवीले बाबाचा हात नाई लागला, आबाजी. मले हेच पायजे. दुरुस्तच करतो मी हिले." आणि मग तिनं ते नाव घेतलं. "कॉलेजात मॅडमनं सांगतलं, आंधळगावले यादोराव म्हणून हाय, पेट्या-तबले दुरुस्त करते. एकोडीले आत्याच्या घरचं लग्न झालं का आल्याबरोबर त्यायच्यापाशी नेऊ."

मी हरप्रकारे सांगून पाहिलं. म्हणालो, यादोराव आता म्हातारा झाला. म्हणालो, त्यानं एका पेटीच्या भात्याला जित्या बकरीचं कातडं लावलं, तेव्हापासून ती पेटी भजनात मधेच चारा मागते. डिंपल हसली. हसली आणि म्हणाली, "तरी नेऊच."

ती एकोडीला गेली आणि मी खुंटीवरच्या गिटारीकडं पाहत बसलो. यादोरावांनी ती हातात घेतली, फिरवून पाहिली आणि "अरे, हे तं आमच्या कंपनीची" एवढं म्हणाले की डिंपलचा बाप संपला. तिला एकच बाप होता आणि तो मी केलेला होता. चिखल्याचा तो कोण, त्याला ती ओळखतही नव्हती.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. उन्हाळ्यात डोंगा कोरड्यावर ठेवला तर लाकूड तडकतं. म्हणून चैत्र लागला की आम्ही त्याच्यात दगड भरतो आणि त्याला तलावात बुडवून ठेवतो. तडकलेला असला तरी बुडवतो. लाकूड पाणी पितं, फुगतं, चिरा आपल्या आपण मिटतात. मृगात दगड काढले की डोंगा वर येतो, धड. माझ्या बापानं असंच केलं, त्याच्या बापानं असंच केलं. लाकडाला उन्हानं चीर गेली तर पाणी हाच इलाज, दुसरा आम्हाला ठाऊक नाही.

गिटारही लाकडाचीच. आतून पोकळ, डोंग्यासारखी. चीर मिटली तर यादोरावांकडं जायचं कामच नाही. आणि नाही मिटली, सडली, तर नवी घ्यावी लागेल. तेव्हाही यादोरावांकडं जायचं काम नाही. दोन्हीकडून माझाच फायदा. असा हिशोब ज्याला सुचतो त्याला लोक हुशार म्हणतात. मीही स्वतःला म्हणालो.

भर दुपारी, पाळीवर कुत्रंसुद्धा नव्हतं तेव्हा, मी गिटारीच्या मानेला सुताची दोरी बांधली, पोटात तीन गोल दगड सोडले आणि डोंगा बुडवला होता त्याच्या बाजूलाच तिला सोडली. थोडे बुडबुडे आले. डोंग्याचे येतात तसेच.

तिसऱ्या दिवशी डिंपल आली. घरात गेली, बाहेर आली.

"आबाजी, खुंटीवर गिटार नाई."

"हाय ना. दुरुस्त होऊन राह्यली."

"कोठं?"

"डोंग्यापाशी."

तिला समजलं नाही. ती माझ्या मागोमाग पाळीवर आली. मी धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उतरलो आणि दोरी ओढली. आधी नुसती मान आली, तारा लोंबत असलेली. मग पोट आपल्या आपण वर आलं आणि शिंगाड्याच्या वेलांत जाऊन अडकलं. पाठ मला हातानं चाचपून काढावी लागली. मासा पोटातून चिरून उलगडावा तशी ती गिटार सगळ्या बाजूंनी सुटली होती. चीर मात्र मिटली होती. पाठीवरची ती चीर कुठं होती, हे शोधूनही सापडलं नसतं. एवढा माझा इलाज खरा ठरला.

डिंपलनं पाठ माझ्या हातातून घेतली आणि उलटी केली. आतल्या अंगाला एक गुलाबी कागद चिकटवलेला होता. कधीकाळी कोणी तिथली जुनी भेग बुजवायला लावलेला असणार. तीन दिवस पाण्यात राहूनही छापील अक्षरं जागची हलली नव्हती.

तिनं मोठ्यानं वाचलं. कंपनीचं नाव, बावनथडी नाट्य मंडळ. खाली, मंडईनिमित्त. त्याच्या खाली आमच्या गावाचं नाव. त्याच्या खाली तारीख.

"हे तं आपल्याच मंडईचं हाय," ती म्हणाली.

"हाव."

"त्याच सालचं. मी थांब्यावर बसून होती त्या सालचं."

"हाव."

"मंग हे चिखल्याहून कशी आली?"

मी पाण्यातच उभा होतो आणि मी खरं सांगितलं. गिटारवाला पोरगा, मरळ, सखाबाईचा हात, हे डबडं ठेवा काकी. तुझ्या बापानं काही धाडलं नाही. विचारलं नाही, आला नाही. जसं होतं तसं, वजन न वाढवता सांगितलं. जन्मात पहिल्यांदा माझ्या गोष्टीतली मरळ दीड किलोची होती.

डिंपलनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे आणखी एक."

"काय आणखी एक?"

"गोष्ट." तिचा आवाज चढला नाही. "मले एवढं सांगा. हिरव्या मखमलीची पेटी कोठं गेली?"

"पेटी नव्हतीच, बाई."

"अकरा साल झाले, तुमी मले पेटी सांगून राह्यले. कधी साहेबाच्या बाईले देल्ली, कधी मुंगसानं नेली. नव्हती तं दरसाल कोठं जाये ते? जे नाई त्याच्यासाठी माणूस एवढं खोटं कायले बोलन?" तिनं पाठीवरच्या कागदाकडं पाहिलं. "बाबानं नवीच धाडली होती. पेटीसकट. मंडईत नाटकवाले आले तं तुमी नवी त्यायले देल्ली अन् हे जुनी घेतली. वरून काय घेतलं? दारू?"

"डिंपल."

"म्हणून यादोरावपाशी न्याले डरत होते तुमी. म्हणून डोंगा विकाले निघाले. म्हणून हिले पाण्यात घातली."

पाहा, एकही सांधा ढिला नव्हता. मी बांधलेल्या घराला तिनं माझ्याच विटांनी पक्कं केलं. साक्षीला सखाबाई असती तर गोष्ट वेगळी. मी म्हणालो, तुझ्या आजीची शपथ. ती म्हणाली, "मेलेल्या माणसाले मधात नोका आणू," आणि भिजलेली पाठ पाळीवर ठेवून घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तुमसरला आणि तिथून चिखल्याला, बापाला विचारायला.

मी तुकडे ओल्या फडक्यात गुंडाळले आणि आंधळगावला गेलो. मला साक्षीदार पाहिजे होता. ज्याच्यापासून इतके दिवस लपत होतो, त्याच्याच पायरीवर जाऊन बसलो.

यादोरावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी तुकडे मांडीवर घेतले आणि बोटांनी वाचल्यासारखे चाचपले. "सरसानं जोडलेली हाय," ते म्हणाले. "जुनं काम. सरस पाण्यात सुटते, फकिराभाऊ. लाकडाले काई झालं नाई. चीरबी नाई. मी जोडून देतो. पंधरा दिवस द्या."

"दुरुस्त होते?"

"होते म्हणजे? नव्याहून बरी होईन. नवीत असं लाकूड कोठं भेटते? पण हिले पाण्यात कोण्या गाढवानं टाकलं?"

ते मी सांगितलं नाही. मी म्हणालो, "यादोराव, हे ओळखली का? तुमच्या कंपनीची हाय. तुमच्या हातचा कागद हाय याच्यात. तुमी माह्या घरी जेवले होते. मरळ. डोकं तुमी खाल्लं होतं."

त्यांनी डोळे बारीक केले, जसे काही त्या काळाकडं पाहत आहेत. "चाळीस वर्षं नाटकाची पेटी वाजवली, फकिराभाऊ," ते म्हणाले. "हजार गावात जेवलो. कोणाची मरळ अन् कोणाचं वरण, काय याद राहाते? असे कागद तं मी दिसन त्या भेगेले लावले. अन् गिटारी किती आल्या, किती गेल्या."

म्हणजे डिंपल गिटार घेऊन सरळ त्यांच्याकडं आली असती, तर त्यांनी घोडी बसवून, चीर बुजवून, "घे माय" म्हणून परत दिली असती. एक अक्षर बोलले नसते. बोलायला त्यांच्यापाशी काही नव्हतंच. मी एका आंधळ्या माणसाच्या डोळ्यांना इतके दिवस भ्यालो होतो.

डिंपल दोन दिवसांनी परत आली. तोंड उन्हानं लाल, पण चालताना मान ताठ होती. अंगणात उभं राहूनच तिनं सांगितलं.

"बाबा भेटला. खाणीच्या कॉलनीत राहाते. बायको हाय, दोन पोट्टे हायेत. मले जेवू घातलं."

"काय म्हणाला?"

"मी इचारलं, गिटार धाडली होती का. हाव म्हणाला. मी इचारलं, कशी होती. नवी होती म्हणाला, नागपूरची. हिरव्या मखमलीची पेटी होती म्हणाला."

"ते तूच सांगतलं असन त्याले."

"मखमलीचं मी सांगतलं. कड्यायचं नाई सांगतलं." तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं. "पेटीले पितळेच्या दोन कड्या होत्या. खटकन लागत होत्या. हे त्यानं त्याच्या तोंडानं सांगतलं. तुमी कधी सांगतलं होतं का मले कड्यायचं?"

नव्हतं सांगितलं. अकरा वर्षांत मला कड्या सुचल्या नाहीत. मखमल कोणीही घालेल, पण खटकन लागणाऱ्या पितळेच्या कड्या म्हणजे उस्तादाचं काम. पोराला मी पोहायला शिकवलं, जाळं फेकायला शिकवलं. हे मी शिकवलं नव्हतं, हे रक्तातून गेलं होतं. माझ्या सगळ्या थापांत त्या दोन कड्यांइतकी बारीक नक्षी नाही.

"म्हाताऱ्यानं विकली असन म्हणाला," डिंपल म्हणाली. "तुमच्यावर राग नोको धरू म्हणाला. तो नवी धाडणार हाय. तशीच, पेटीसकट."

पंधरा दिवसांनी मी यादोरावांकडून गिटार आणली. त्यांनी शब्द खरा केला होता. सांधा दिसत नव्हता, तारा मानेला बेतानं बसल्या होत्या, आवाज आधीपेक्षा भरलेला. मी ती खुंटीवर टांगली. डिंपलनं एकदा पाहिलं.

"हे कंपनीची हाय," ती म्हणाली. "माह्या बाबाची नाई. कोणाले तरी देऊन टाका."

"वाजवून तं पाय. दुरुस्त झाली."

"झाली असन."

ती नवीची वाट पाहू लागली. जून गेला. पाऊस लागला, भाताची रोवणी झाली, कोवळ्या पऱ्ह्यांचा हिरवा रंग बांधाबांधांतून दिसायला लागला. डिंपल कॉलेजातून आली की थोडा वेळ थांब्यावरच बसायची, एसटी निघून गेल्यावरही. रस्त्यानं मॅंगनीजचा ट्रक गेला की उठून उभी राहायची. सात वर्षांची असताना निदान चकली होती हातात. तिच्या डाव्या हाताच्या बोटांना तारांचे घट्टे पडलेले होते. ऑगस्टात एका सकाळी ती भात चाळताना मी पाहिलं, घट्टे गेले होते. बोटं मऊ झाली होती.

त्या आठवड्यात मी धनीरामला डोंगा दिला. त्यानं कारण विचारलं. मी म्हणालो, तलावात एवढा मोठा मासा आला आहे की आता डोंग्याला जागाच उरली नाही. तो हसला आणि डोंगा घेऊन गेला.

गिटार मिळायला अडचण नव्हती, भंडाऱ्यात पहिल्याच दुकानात मिळाली. पेटीनं घाम काढला. दुकानवाला म्हणाला, आजकाल काळी कापडी पिशवी येते, मखमल कोणी घेत नाही. मी म्हणालो, मखमलच पाहिजे, हिरवी. शेवटी एका सुताराकडून पेटी करून घेतली, आतून लग्नाच्या ब्लाउजपीसची मखमल लावली. कड्या राहिल्या. लोखंडी मिळत होत्या, पितळेच्या नाही. मग भंडाऱ्यातल्याच एका पितळकाम करणाऱ्याच्या दारात जाऊन बसलो. तो म्हणाला, "बाबा, आमी पाण्याचे गुंड घडवतो, घंट्या घडवतो. हे कायचं काम?" मी दोन दिवस उठलो नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं कंटाळून घडवून दिल्या.

तुमसरहून तेजराम म्हणून एक ट्रकवाला आमच्या रस्त्यानं जातो. त्याला सांगितलं, थांब्यावर एक पोरगी बसलेली असेल, तिला दे, चिखल्याहून लिलाधरनं धाडली म्हण. तेजराम म्हणाला, "काहो, मखमलीवर मी झोपलो तं?" मी म्हणालो, ते होऊन गेलं आहे.

पेटी आली त्या दिवशी मी पाळीवर होतो. घरी आलो तेव्हा डिंपलनं ती खाटेवर ठेवली होती, उघडी, आणि तिच्यासमोर उकिडवी बसून मोबाईल कानाला न लावता हातात धरून बोलत होती, आवाज सगळ्या घरात ऐकू येत होता.

"बाबा, पोचली."

मी दारात थांबलो. मला वाटलं, आता तो विचारेल, काय पोचली. तसं विचारलं असतं तर मी काय केलं असतं, मला अजून ठाऊक नाही.

"पोचली का?" लिलाधर म्हणाला. मधे श्वासाइतकीही जागा सोडली नाही. "पावसापान्याचं धाडलं, मले चिंता होती. मखमल ओली तं नाई झाली?"

"नाई. कोरडी हाय."

"कड्या लागते ना बराबर?"

"लागते, बाबा."

फोन ठेवल्यावर तिनं मला पाहिलं. डोळे भरलेले होते, पण माझ्याशी बोलायला लागली तेव्हा कोरडे झाले. "पाहा, धाडली त्यानं. जे म्हणाला ते केलं." तिनं गिटार पेटीत निजवली. "आता हिले हात नोका लावजा तुमी."

नाही लावत. जुनी मी यादोरावांना देऊन आलो. ती त्यांच्याकडं पेट्यांच्या मधे टांगलेली आहे, धडधाकट. नवीचा आवाज मला कोरा वाटतो, पण डिंपलला आवडतो. बोटांना पुन्हा घट्टे आले. संध्याकाळी ती आत वाजवते आणि मी अंगणात जाळं विणत बसतो. पाणी प्यायला म्हणून आत गेलो की ती थांबते, गिटार पेटीत ठेवते आणि कड्या लावते. एक, मग दुसरी. खटकन लागतात. भंडाऱ्याचं पितळ आहे, आवाज चांगला येतो.